वेल्समधला हरवलेला किल्ला

"श्रीनिवास, मी सांगतोय ते तुला पटणार नाही. पटलं, तर सांगण्यात मीच कुठेतरी कमी पडलो समज," असं म्हणून डॉक्टर शशिकांतनी पाय कॉफी टेबलावर पसरले. कार्डिफच्या हॉस्पिटलात नुकताच लागलेला श्रीनिवास जेवून इतका सुस्तावला होता की उठून पळायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. शशिकांतची मुलगी मालविका शिफ्ट संपवून आलेली, सोफ्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून पडली होती.

तर, २००६च्या उन्हाळ्यात शशिकांतचे मेहुणे पद्माकर पुण्याहून आले. सह्याद्रीत किल्ला म्हणून सोडला नाही असा माणूस. विलायतेत आल्यापासून त्यांनी कशालाही 'वा' म्हटलं नव्हतं. पेनार्थचा समुद्र पाहून "गढूळ आहे" म्हणाले, स्ट्रॉबेरी खाऊन "आंबट." शशिकांतनी पण केला, विमानात बसण्याआधी या गृहस्थाकडून एकदा तरी 'वा' वदवून घ्यायचंच. म्हणून रविवारी मालविकाला गाडी चालवायला लावून त्यांनी सगळ्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका डोंगरी किल्ल्यावर नेलं.

वर पोचले तर गवत, वारा आणि मेंढ्या.

"भाऊजी, दरवाजा कुठाय?" पद्माकरांनी विचारलं. "बुरूज? टाकं? एखादा चिरा तरी?"

"मला माहीत होतं हं," शशिकांत श्रीनिवासला म्हणाले, "की त्या गवताच्या उंचवट्यालाच तट म्हणतात. पण पाहुण्याला कशाला ओशाळवा? गप्प राहिलो."

मग पद्माकर पुढे, बाकीचे मागे, असा त्या उंचवट्याला एक पूर्ण वेढा पडला. किल्ला काही सापडेना. दुसरा वेढा पडला. पावसाची भुरभुर सुरू झाली. शशिकांतच्या पत्नी सुप्रभाताई एका दगडावर टेकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, किल्ला राहू दे, टॉयलेट कुठे सापडतं का बघा." पद्माकरांनी समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं, "तिकडे असणार!" सगळे खाली उतरले, दलदलीत रुतले, पद्माकरांचा बूट आत राहिला तो राहिलाच. वर परतताना मेंढ्यांनी वाट अडवली. पाचशे होत्या. शशिकांतच्या सांगण्यात लगेच आठशे झाल्या, आणि त्यांचा म्होरक्या तर थेट किल्लेदाराच्या थाटात खेकसला.

तेवढ्यात कुत्रं फिरवणारी एक बाई आली. "किल्ला कुठे आहे हो?" असं विचारताच ती पोट धरधरून हसली. "अहो, तासभर तुम्ही त्याच्याच तटावरून चालताय!"

"आणि मग," शशिकांतनी आवाज खाली आणला, "पद्माकरराव एका बुटावर उभे राहिले, तटाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, 'वा, भाऊजी! मी आंधळा, तुम्ही डोळस!'"

श्रीनिवास भारावून काही बोलणार, तोच सोफ्याचा कोपरा न हलता, डोळे न उघडता बोलला.

"बाबा, किती खोटं! मामा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, 'वा, काय तट आहे!' तुम्हीच म्हणालात, 'छे, हा शेताचा बांध आहे, किल्ला पुढे आहे.' आणि तो बूट पण तुमचा होता."