कोळपे सर आणि झाकलेले संगणक

झाकलेली वस्तू दिसली की कोळपे सरांचं डोकं फिरतं. आमच्या घरी नवा फ्रीज आला, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून त्यांनी आधी त्याच्या दारावरचं प्लास्टिक टराटरा सोलून काढलं. वर मलाच विचारलं, "वस्तू वापरायची का ओवाळायची, मॅडम?" शिरूरहून तळेगाव ढमढेऱ्याला येताना जीपच्या नव्या सीटवरच्या कव्हरला त्यांनी हात घातला आणि ड्रायव्हरनं त्यांना वाटेतच उतरवलं. सर उरलेली वाट त्याला नावं ठेवत चालत आले.

पण त्यांना वेडं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. आमच्या शाळेत जे चालतं ते पाहून शहाण्या माणसाचंही टाळकं सरकेल. सर मूळचे गणिताचे. ते नोकरीत नवे असताना शाळेत पहिला संगणक आला आणि 'तुम्हाला आकडे कळतात' म्हणून संगणकाचा तासही त्यांच्या गळ्यात पडला. संगणक मात्र हेडमास्तरांच्या खोलीत, भरतकाम केलेल्या रुमालाखाली. पोरं चपला बाहेर काढून रांगेनं आत जायची, लांबून दर्शन घेऊन परत यायची. सर फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढायचे आणि पोरं वहीवर बोटं आपटून टायपिंग शिकायची.

पुढं बऱ्याच वर्षांनी खोली भरून संगणक आले. पण त्यांच्याबरोबर कंत्राटावरचा बाहेरचा शिक्षक आला आणि गणिताच्या सरांना आत मज्जाव झाला. शिवाय शाळेच्या वेळात वीज नाही. त्या शिक्षकाचं कंत्राट संपलं, खोलीला कुलूप लागलं, वायरी उंदरांनी खाल्ल्या. आता म्हणे पोरांनी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची! आणि आमच्या परीक्षेत अजून 'माउसचे उपयोग लिहा.' संताप होतो नुसता.

गेल्या वर्षी पुन्हा नवे संगणक आले. टेबलांवर मांडले, वायरी जोडल्या, वर कव्हरं घातली. हेडमास्तर म्हणाले, "साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." साहेबांची तारीख मिळेना. मिळाली तर आचारसंहिता लागली. ती उठेपर्यंत साहेबांनी पक्ष बदलला आणि आता बोलवायचं कुणाला, यावरून संस्थेत दोन तट पडले. तोवर आठवीची पोरं नववीत गेली.

कोळपे सर उठसूट हेडमास्तरांच्या दारात. "मी रिटायर व्हायच्या आत पोरं बसत्याल का न्हाई?"

"बघू की सर."

बघता बघता सरांच्या निरोपाचा दिवस उजाडला. शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तरांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले ते माइककडं न जाता नारळ घेऊन थेट संगणकांच्या खोलीकडं. शिपाई आप्पांनी झाडायला दार उघडलंच होतं. सरांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. "झालं उद्घाटन! काढा रे ती कव्हरं!"

हेडमास्तर धावत आले, पण करतात काय? नारळ फुटला म्हणजे उद्घाटन झालं. ते झालं नाही असं म्हणायची हिंमत आमच्या भागात कुणाची नाही. आप्पा तर खोबरं वाटायलाही लागले होते.

पोरांची झुंबड उडाली. सरांनी त्यांची रांग लावली आणि स्वतः सगळ्यात मागं उभे राहिले. मला वाटलं, लक्ष ठेवताहेत.

"सर, पुढं बसून दाखवा की त्यांना."

"मला तरी कुठं येतंय, मॅडम?" ते हळूच म्हणाले. "म्या कवा हातच लावला न्हाई."

"अहो, मग घरी एक घ्यायचा होता!"

"म्हंजी पोरांनी वहीवर बोटं आपटायची आन् मी घरी खऱ्यावर बसायचं? न्हाई जमलं ते. म्हणलं, आधी पोरं."

मला रडू आलं. आणि रडण्याहून जास्त राग आला, या माणसाला जन्मभर दाराबाहेर ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

त्यांचा नंबर लागला तेव्हा शाळा सुटली होती. खुर्चीवर सातवीतली सानिका होती. ती उठली नाही, बाजूला सरकून तिनं अर्धी खुर्ची सरांना दिली. सर बसले. फळ्यावर इतकी वर्षं काढलेली अक्षरं समोर होती, पण त्यांचा हात वरच थांबला. सानिकानं त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं.