बेबनाव आला कुठून?

आमच्या सोसायटीत कुठेही आवाज चढला, की लिफ्टच्या आधी कापडणीस नाना पोहोचत. हातात प्लॅस्टिकचं निळं स्टूल असे. भांडणाच्या बरोब्बर मध्ये ते ठेवायचं, त्यावर बसायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, "थांबा. आधी नाव, मग निवाडा." माणसं अर्धी शिवी तोंडातच ठेवून गप्प होत, कारण कुणाचं नाव हेच त्यांना कळत नसे.

नाव म्हणजे भांडणाचं नाव. प्रत्येक भांडणाला भांडणच म्हणणं हे नानांच्या मते प्रत्येक दुखण्यावर एकच गोळी देण्यासारखं आहे. पार्किंगमध्ये कुणी गाडी आडवी लावली, तर ती कुरबुर. रोज लावली तर तंटा. मध्ये वकील आला की कज्जा. "कज्जा अरबी आहे हो, तिथल्या न्यायनिवाड्यातूनच आलाय." लग्नात मानाची टॉवेल-टोपी मिळाली नाही, तर रुसवा. आणि मनातलं समाधानच उडालं, की वितुष्ट. "तुष्ट म्हणजे संतुष्ट. त्याला वि चिकटला, की संपला संसार!"

नानांनी सटाण्याकडच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. बायको गेल्यावर मुलाने, प्रशांतने, त्यांना इथे नाशिक रोडला आपल्याकडे आणलं. त्यांचा फ्लॅट बरोबर आमच्या डोक्यावर, त्यामुळे नानांची व्याख्यानं मला जिन्यात, गेटवर आणि भाजीच्या गाडीपाशी अशी तिन्ही त्रिकाळ ऐकावी लागत.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे बेबनाव. "हा येवल्यात जन्मला," त्यांनी मला एकदा गेटवर सांगितलं. "पैठणीच्या मागावर. उभा धागा ताणा, आडवा बाणा. ताणा एकीकडे ओढतो, बाणा दुसरीकडे. पदर बिघडला की विणकर म्हणायचे, बेबनाव झाला." मला हे इतकं आवडलं, की मी ऑफिसात चारचौघींना ऐकवलं. पुढच्याच आठवड्यात भाजीच्या गाडीपाशी तोच शब्द मोगलांच्या मुदपाकखान्यात जन्मला, एका डेगेवर दोन आचारी भांडल्यामुळे. त्यानंतर जिन्यात तो सुरगाण्याला गेला. तिथे म्हणे जीप भरताना ड्रायव्हरशेजारी कोण बसणार, यावरून रोज बेबनाव होई.

ऐकणारे सगळे "वा नाना, भारी माहिती!" म्हणून पिशवी उचलत आणि चालू लागत. मीही त्यातलीच. मनात म्हणायचे, वय झालंय, चालायचंच.

मग एप्रिलात कुरडयांचं प्रकरण झालं. गच्चीवरची टाकीजवळची उन्हाची जागा जोशी काकूंची, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत. पण पगार वहिनींनी पहाटेच चीक शिजवून तिथे आपलं प्लॅस्टिक अंथरलं आणि कुरडया घातल्या. जरा वेळाने काकू पातेलं घेऊन वर आल्या, त्यांनी ते प्लॅस्टिक सरकवून आपलं अंथरलं आणि कुरडया घातल्या. व्हायचं तेच झालं. नाना स्टूल घेऊन हजर.

"हे भांडण नाही," ते म्हणाले. "तुमचं दोघींचं पूर्वी बनत होतं. मागच्या वर्षी एकीचा सोऱ्या दुसरीकडे असायचा. जिथे मुळात बनत होतं, तिथेच बेबनाव होतो. या, सावलीत या, सांगतो." दोघी माहेरच्या मास्तरांनी बोलवावं तशा मुकाट्याने जिन्याच्या सावलीत गेल्या. नाना रंगले. अरबस्तान झालं, दिल्ली झाली, बागलाण झालं. इकडे गच्चीवर कबुतरांची पंगत बसली. खाली मान घालून, कुठलाही मतभेद न करता, त्यांनी दोन्ही घरच्या ओल्या कुरडया टिपल्या आणि राहिल्या होत्या त्या तुडवल्या.

बेबनाव मिटला, एवढं खरं. काकू आणि वहिनी एक झाल्या आणि हातात हात घालून नानांची तक्रार करायला प्रशांतकडे गेल्या.

प्रशांत गरीब स्वभावाचा. तो एवढंच म्हणाला, "नाना, यापुढे कुणाच्या भांडणात पडू नका." नाना "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी निळ्या स्टुलावर कोरफडीची कुंडी आली आणि नाना खाली यायचेच बंद झाले.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मग करमेना. एकदा पार्किंगमध्ये दोघे जण घसा फोडून भांडले, नुसते भांडले आणि घरी गेले. त्यात काही मजाच नव्हती. मी चाळण परत द्यायचं निमित्त काढलं आणि वर गेले.

दार नानांच्या सुनेने, वैशालीने उघडलं. प्रशांत अजून यायचा होता. नाना बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, चेहरा उतरलेला.

"आज गुरुवार ना गं?" त्यांनी वैशालीला विचारलं.

बुधवार होता. वैशाली म्हणाली, "हो नाना."

तिने चहा आणला. नानांनी घोट घेतला. "साखरच नाही यात." मीही तोच चहा पीत होते, पाकासारखा गोड होता. "दुसरा करते हं नाना," म्हणत ती कप घेऊन आत गेली.

नाना माझ्याकडे वळले. "ताई, बेबनाव हा शब्द आपल्या स्टेशनवरचा, बरं का. दोन रूळ असतात. जन्मभर शेजारी, पण भेट नाही. ते बघून इथल्या गँगमननी..."

ऑफिसात दिवसभर साहेबाला "बरोबर सर, बरोबर सर" करून माझं डोकं आधीच उठलं होतं. मी उसळलेच. "नाना, साफ खोटं आहे हे! मागे येवला म्हणालात, मग मोगल, मग सुरगाण्याची जीप. एका शब्दाला आया तरी किती? चहा गोडमिट्ट आहे आणि आज बुधवार आहे!"

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. मला वाटलं, संपलं, म्हातारा माणूस दुखावला. पण नानांचा चेहरा हळूहळू उजळला आणि ते खुर्चीतच पोट धरून हसायला लागले.

"सापडल्या!" ते म्हणाले. "किती महिने गळ टाकून बसलोय, एक मासा लागेल तर शपथ! अहो, बे फारसी, म्हणजे विना, आणि बनणं म्हणजे जमणं, पटणं. आधी बनलेलं मोडलं की बेबनाव. पोरांना आयुष्यभर शिकवलंय मी हे. मला ठाऊक नसेल?"

"मग हे सगळं कशासाठी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "आमची ही होती ना, मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी अहिराणीत म्हणायची, 'तुमले काय समजस? चूप बठा!' सकाळी सुरू झालं की झोपेपर्यंत. ती गेली आणि माझं चुकायचंच थांबलं, ताई. इथे नुसतं हो नाना, बरं नाना. पोरं चांगली आहेत, पण भिंतीशी बोलल्यासारखं होतं. म्हणून लोकांच्या भांडणात जाऊन बसायचो. तिथे निदान एखादा तरी 'तुम्हाला काय कळतंय?' म्हणेल, अशी आशा."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि उठले.

वैशाली दारापर्यंत आली. तिने सगळं ऐकलं होतं, डोळे लाल होते. "आई गेल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं होतं, त्यांना एका शब्दानंही दुखवायचं नाही. आम्हाला काय माहीत हो..."

"दुखव गं थोडं," मी म्हटलं. "सासरे आहेत, देव नाहीत."

चार-पाच दिवसांनी आम्ही जेवत होतो आणि वरून आवाज आला. वैशालीचा. पहिल्यांदा जरा चाचरत, मग चांगला खणखणीत. "नाना, आमटीत मीठ बरोबर आहे! तुमच्या जिभेलाच काहीतरी झालंय!"

"म्हणजे मी काय खोटं बोलतो?"

"हो! रोज बोलता! वारसुद्धा खोटे सांगता!"

खुर्ची सरकली, ताट आपटलं, प्रशांत मध्ये काहीतरी बोलला आणि दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. आमच्या ह्यांनी घास खाली ठेवला. "वर चांगलीच जुंपलीय. जाऊन सोडवू का?"

"खबरदार गेलात तर," मी म्हटलं आणि नीट ऐकू यावं म्हणून आधी पंखा बंद केला.