चोवीस दात्यांचं चक्र

परबकाका माणसाची चौकशी करण्याआधी त्याच्या सायकलीचे दाते मोजतात. चेन ज्यांवर फिरते, त्या चक्रांचे दाते. साकीनाक्याच्या एका कारखान्यात गिअर कापण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे जगातल्या बहुतेक अडचणी दाते चुकल्याने होतात, असं त्यांचं ठाम मत आहे. आमच्या नाहूरच्या सोसायटीची लिफ्ट अडकली तेव्हाही सेक्रेटरींना त्यांनी पहिला प्रश्न दात्यांचाच विचारला.

मी चाळिशीत हौसेने फिक्स गिअरची सायकल घेतली. हिच्यात चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहतं, पायांना सुट्टी नाही. दुकानदाराने मागे चौदा दात्यांचं चक्र लावून दिलं होतं. सिग्नल सुटला की मी पॅडलवर अख्खा उभा राहून झुंजायचो आणि मागचे रिक्षावाले माझ्या घराण्याचा उद्धार करायचे. काकांनी दाते मोजले आणि मान हलवली. मग सोळा लावले, सतरा लावले, आणि प्रत्येक वेळी मला स्टेशनजवळच्या पुलावर पिटाळलं. चढताना छाती फुटता कामा नये आणि उतरताना पाय भिरभिरता कामा नयेत, एवढाच त्यांचा नियम. नक्की किती लावू, असं मी वैतागून विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "रस्त्याक इचार. माका नको." शेवटी अठरावर रस्ता आणि काका दोघेही राजी झाले.

असा हा जाणकार माणूस स्वतःच्या सायकलीचं मात्र वाटोळं करत होता. मागे आधी अठरा दाते, मग वीस, दिवाळीनंतर बावीस. मागचे दाते वाढले की पॅडल हलकं होतं आणि सायकल हळू चालते. सकाळी काका समोरच्या रस्त्यावर असे रांगायचे की पेपरवाला पायी पुढे निघून जायचा. शेजारून त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, चालत असायच्या. आता मागे जेवणाचं ताटच बसवा, असं मी चिडवायचो. काका नुसते हसायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी मला चोवीस दात्यांचं चक्र आणायला सांगितलं तेव्हा मी अडूनच बसलो. कारण सांगा, मगच आणतो. तेव्हा कळलं. काकींच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. पण कुणी राखण करायला मागे आलं तर मी घराबाहेरच पडणार नाही, असं काकींनी बजावलं होतं. म्हणून हे गिअर तपासायचं निमित्त.

"हल्ली लय हळू चलता रे ती," काका म्हणाले. "बावीसवर पण मी पुढे जातंय, ती मागे रवता."

हे सांगताना ते चेन पुसत होते. पुसायची काही गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं.

चक्र घेऊन परतलो तर गेटजवळ काकी दिसल्या. कोथिंबिरीची जुडी हातात धरून झपाझप येत होत्या. मी चकित होऊन विचारलं, की मग सकाळी तुम्हाला काय होतं? काकींनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"ह्यांका सांगू नको हां. ह्यांच्या पायांत आता जोर रवाक नाय. सायकल बघ कशी रांगता. डॉक्टर सांगतत भराभर चल. पण मी पुढे गेलंय तर हे एकटेच मागे रवतले."

मी चक्र पिशवीतून बाहेर काढलंच नाही. वर जाऊन काकांना म्हटलं, चोवीस राहू दे, तुमचं जुनं वीसचं लावा.

"तुका कोणी सांगितल्यान?"

"रस्त्याला विचारलं."

 काकांनी हत्यारांच्या डब्यातून वीसचं चक्र काढलं, सवयीने दाते मोजले आणि पाना माझ्या हातात दिला.

आता दोघं पुलाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात आणि पेपरवाला मागे राहतो. काल काकींनी मला जिन्यात थांबवलं. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

"ह्यांच्या पायांत परत जोर इलो बघ," त्या हळूच म्हणाल्या. "मी सोबत होतंय म्हणान."