जास्त भरलेला लॅपटॉप

"बाई, तुम्ही स्वस्तातला घ्या," असं दुकानातला विक्रेता म्हणाला आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण बाईंच्या शेजारी त्यांचे यजमान उभे होते, आणि यजमान म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि आतून पोकळ केलेली वजनं पकडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुकानदार स्वतःच्या तोट्याचं बोलतो, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं तर ही पाल त्यांच्या मनात कायमची मुक्कामालाच होती, आता ती जरा मोठ्यानं चुकचुकली इतकंच.

"का?" डोळे बारीक करून त्यांनी विचारलं.

"बाईंचं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. त्याला हा पुरून उरेल. तो दुसरा दुप्पट किमतीचा. त्याच्यावर लोक सिनेमे कापतात, मोठमोठे गेम खेळतात. तुम्हाला काय करायचाय?"

"म्हणजे तो आम्हाला विकायचा नाही तुम्हाला?"

"विकायचा की! पण तुम्हाला नकोय तो."

"आम्हाला काय नकोय ते तुम्ही ठरवणार?"

विक्रेत्यानं केविलवाण्या नजरेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी यजमानांची बाही ओढली. "अहो, ते बरोबर सांगतायत. घेऊ या ना हा. चार वाजता माझी परीक्षा आहे."

ही परीक्षा म्हणजे काय ते सांगायला हवं. कोर्टातल्या साक्षींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून देणारी एक कंपनी होती. घरबसल्या काम, स्वतःची कमाई. संसार, मुलं, सासूबाईंचं आजारपण असं सगळं निस्तरून झाल्यावर बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "तुमचं काम दाखवा" असं म्हटलं होतं. पहिल्या परीक्षेच्या दिवशी घरातला जुना लॅपटॉप मधेच काळाठिक्कर पडला. कंपनीनं मोठ्या मनानं दुसरी तारीख दिली आणि तिसरी मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. मधल्या दिवसांत निरीक्षकांनी लॅपटॉपचा कसून अभ्यास केला. प्रत्येक दुकानाच्या पाटीत त्यांना काहीतरी काळंबेरं दिसलं. असं करता करता ती दुसरी तारीख उजाडली होती.

"महागातला चालू करून दाखवा," निरीक्षकांनी फर्मावलं.

विक्रेत्यानं तो चालू केला, त्यावर कसलंसं भारी काम लावून दिलं. थोड्याच वेळात आतला पंखा असा काही घोंगावायला लागला की शेजारच्या टेबलावरची पत्रकं उडाली. बाईंनी यंत्राजवळ कान नेला आणि लगेच मागे घेतला.

"नको गं बाई! साक्षीदार आधीच तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यात ही घरघर. मला हा लहानच हवा. बघा, किती गप्प आहे."

"गप्प आहे तेच मला खटकतंय," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी आपल्या कापडी पिशवीत हात घातला.

बाईंचा चेहरा पडला. पिशवीत वजनाचा काटा होता. तळहाताहून थोडा मोठा, चपटा, इलेक्ट्रॉनिक. लोक खिशात रुमाल ठेवतात तसा निरीक्षक पिशवीत काटा ठेवत. निवृत्त झाल्यापासून बाजारातली प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर दोनदा तोलली जाई, एकदा दुकानदाराच्या काट्यावर आणि एकदा यांच्या.

"अहो, लॅपटॉप कुणी तोलून घेतं का?" बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"खोक्यावर वजन छापलंय ना? मग भरायला हवं. एक किलो सहाशे." त्यांनी काटा टेबलावर ठेवला, शून्य आल्याची खात्री केली आणि लहान लॅपटॉप वर ठेवला. आकडा थरथरला, स्थिरावला. एक किलो सातशे ऐंशीच्या आसपास.

निरीक्षक आधी चकित झाले, मग गंभीर.

"जास्त भरतोय."

"मग चांगलंच आहे की," विक्रेता म्हणाला.

"चांगलं? अहो, नोकरीत मी हजारो दुकानं तपासली. कमी देणारे शेकडो पकडले. जास्त देणारा एक नाही मिळाला! हल्ली आमच्या मंडईतले भाजीवाले जास्त देतात, पण ते मला ओळखतात, टरकून असतात. तुम्ही मला ओळखत नाही. मग का देताय जास्त? आत काय भरलंय?"

"काही भरलेलं नाही हो! सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडलं!"

"महागातला ठेवा."

महागातल्यावर दोन किलो तीनशे छापलं होतं. तो अडीच किलोच्याही वर गेला. निरीक्षकांनी हाताची घडी घातली. "दोन्हीत लबाडी! जुनी यंत्रं नव्या खोक्यांत घातलीत. जुन्या बॅटऱ्या जड असतात." हे शेवटचं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं होतं, पण अशा आवाजात सांगितलं की विक्रेत्यालाही ते खरं वाटायला लागलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन वेगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप एकाच प्रमाणात जास्त भरतात, हे पाहून खात्यातल्या नवशिक्या पोराला पहिली शंका काट्याची आली असती. पण निरीक्षकांची शंका साऱ्या जगावर जायची आणि स्वतःच्या काट्यापाशी येऊन थबकायची.

तेवढ्यात कालच लॅपटॉप घेऊन गेलेले एक गृहस्थ चार्जर बदलायला आले होते, ते पुढे झाले. "माझाही बघा हो जरा." त्यांचाही जास्त भरला. "अरे बापरे!" गृहस्थ ओरडले. त्यांच्या मागच्या एका बाईंनी मोबाइल पुढे केला. तोही जास्त! मग काय विचारता? कुणी टॅब्लेट आणला, कुणी कीबोर्ड आणला. एका आजोबांनी तर चष्मा काढून ठेवला, पण त्यावर वजन छापलेलं नव्हतं म्हणून तो परत केला गेला. दुकानात रांग लागली आणि रांगेतला प्रत्येक माणूस आपण फसवले गेलो या खात्रीनं घरी फोन लावू लागला.

गलका ऐकून आतून मॅनेजर धावत आला. समोर गर्दी, मध्ये काटा आणि काट्यामागे ताठ मानेचा माणूस. मॅनेजरची पाचावर धारण बसली.

"साहेब, तुम्ही कुठल्या खात्याकडून आलात?"

"वजनमापे," निरीक्षक म्हणाले. "निवृत्त" हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. तो बाईंखेरीज कुणालाच ऐकू गेला नाही.

"बसा ना साहेब. खुर्ची आणा रे! साहेब, काही गैरसमज असेल. दोन्हीपैकी कुठला हवा तो घ्या, आपण किमतीत बघू काहीतरी."

झालं! आगीत तेल. "बघितलंत?" निरीक्षक रांगेकडे वळून गरजले. "काही केलं नाही तर किंमत कशाला कमी करतात?"

मॅनेजर घामानं भिजला. त्यानं दुकानाच्या कंपनीला फोन लावला, कंपनीनं वरच्या कचेरीला लावला, आणि वरच्या कचेरीतल्या ज्या कुणाला यातलं काहीच कळलं नाही त्यानं सर्वांत सोपा हुकूम दिला.

"माफ करा मंडळी," मॅनेजर खुर्चीवर चढून म्हणाला, "चौकशी पूर्ण होईपर्यंत आज दुकानातून एकही लॅपटॉप विकला जाणार नाही. स्वस्तातला नाही आणि महागातलाही नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांनी मान किंचित लववून त्या स्वीकारल्या. निवृत्तीनंतर इतका सुंदर दिवस त्यांना लाभला नव्हता.

"अहो, पण माझी परीक्षा?" बाई म्हणाल्या.

"अगं, इथे एवढी मोठी लबाडी उघडकीला आली आणि तुला परीक्षेचं पडलंय? दुसरं काम मिळेल."

बाईंचे डोळे भरून आले. दुसरं काम मिळेल! दुसरं शिवण, दुसरी शिकवणी, दुसरा मुहूर्त... सगळं आयुष्य त्या हेच ऐकत आल्या होत्या. त्यांनी टेबलावरच्या गप्प लॅपटॉपकडे पाहिलं, मग यजमानांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याची त्यांना दया आली, पण परीक्षेची वेळ काही थांबणार नव्हती. त्यांनी पदराला हात पुसले.

"काटा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा काटा. तो जास्तच दाखवतो. मीच बिघडवलाय."

रांगेतल्या साऱ्या माना बाईंकडे वळल्या. निरीक्षक हसले. "काहीतरीच! काटा असा कुणालाही बिघडवता येत नाही."

"मागचं बटण दाबून धरलं की तो म्हणतो, एक किलोचं वजन ठेवा. तुम्हीच दाखवलं होतंत. मी किलोची साखरेची पिशवी ठेवली. आधी दोन मुठी साखर काढून. मग तो तेवढ्यालाच किलो समजायला लागला."

"पण का?"

"का म्हणजे? भाजीवाले आपल्याला भाजी देईनात! वाटाण्याच्या दोन शेंगा कमी भरल्या म्हणून तुम्ही त्या म्हातारीला तक्रारीची धमकी दिलीत. मी पिशवी घेऊन दिसले की सगळे माल झाकायचे. महिनाभर मी पलीकडच्या वस्तीतून भाजी आणत होते, तुम्हाला ठाऊक तरी आहे? मग काटा जास्त दाखवायला लागला आणि तुम्ही खूष, ते खूष. काट्याची वर्षाची पडताळणी पुढच्या महिन्यात आहे, तोवर मी नीट करून ठेवणार होते."

मॅनेजरनं पार्सल तोलायचा दुकानातला काटा मागवला. लहान लॅपटॉप बरोबर एक किलो सहाशे भरला. महागातला दोन किलो तीनशे. विक्रीवरची बंदी तिथेच उठली. चार्जरवाले गृहस्थ नाराज झाले. आपण फसवले गेलो नाही, हे त्यांना चटकन पचलं नाही. रांग कुरकुरत पांगली.

निरीक्षक खुर्चीत बसले होते. चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे ते मला घाबरत नव्हते?"

"कोण?"

"भाजीवाले."

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं, जीभ मागे फिरेना. "नाही हो. तुम्ही आलात की ते हसतात. पण आता प्रेमानं हसतात."

मग त्या विक्रेत्याकडे वळल्या. "हा स्वस्तातला द्या. लवकर."

मॅनेजरनं पैसे घेतले खरे, पण त्याची नजर आता या जोडप्यावरून हलेना. नवरा आरोप करतो, बायको सोडवते, मधल्या मधे किंमत कमी करून घेतात, अशी टोळी त्यानं ऐकली नव्हती, पण असू शकते! त्यानं एकेक नोट उजेडात धरून पाहिली आणि कमी करायची किंमत काही कमी केली नाही.

घरी आल्या आल्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला, कंपनीच्या पानावर आपलं नाव टाकलं. परीक्षेला अजून थोडा अवकाश होता. निरीक्षक दारात येऊन उभे राहिले.

"साऱ्या जगावर संशय घेतला मी," ते म्हणाले. आवाज खरोखरच दुखावलेला होता. "पण तुझ्यावर कधी नाही घेतला गं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही."

"हो ना," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला वाटायचं, घेतील कधीतरी. मी काही करू शकते असं तुम्हाला वाटलंच नाही."

निरीक्षकांच्या डोळ्यांत एक नवीनच चमक आली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या. मग कपाटावरच्या रक्तदाबाच्या यंत्राकडे.

"हे यंत्र हल्ली रोज एकसारखंच दाखवतं."

बाईंनी लॅपटॉप आणखी जवळ ओढला.

"आणि माझ्या बिनसाखरेच्या चहाचं काय? तो इतका चांगला कसा लागतो?"

बाईंनी हेडफोन उचलून कानांवर चढवले.

"अगं, मी काय विचारतोय? आणखी काय काय केलंयस तू?"

"ऐकू येत नाही हो," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "काम चालू आहे."

हेडफोनची वायर अजून लॅपटॉपला जोडलेली नव्हती.