दामले काका आणि जर्मनीच्या टाक्या

आमच्या वास्तुशांतीला सगळे पडदे नि किचन बघत होते, तेव्हा दामले काका मागच्या दारी गॅसच्या मीटरपुढे उकिडवे बसले होते. स्वयंपाक, गरम पाणी, हीटिंग, सगळं गॅसवर आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अख्खं घर एका खिळ्याला टांगलंय. "एकच पाइप? शिकलेली माणसं तुम्ही." आणि आहेर म्हणून विजेची शेगडी हातात ठेवली. पावती फाडून आणली होती, परत करता येऊ नये म्हणून.

काका आमच्या शेजारचे. इथल्या ‘ते रापा’ भागातल्या दूध कारखान्यात बॉयलर सांभाळून रिटायर झालेले, त्याआधी पुण्यात एका जर्मन कंपनीत. देवावर नसेल एवढी त्यांची जर्मन माणसावर श्रद्धा. पण त्या जर्मनीनं रशियाचा स्वस्त गॅस बघून सगळा देश त्याला बांधून टाकला, युद्ध पेटलं, गॅस आटला, आणि काकांना ते स्वतःच्या घरात घडल्यासारखं लागलं. "अरे, पोलंड घसा फोडून सांगत होता. शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, वर त्याला वळसा घालून समुद्रातून पाइप न्यायचा. बर्लिनला अक्कल कुणी द्यायची?" कुणी देईना म्हणून काका देतात. गणपतीच्या आरतीनंतर, कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना, समोर जो सापडेल त्याच्यामार्फत.

त्यांच्या स्वतःच्या घरात लाकडाची शेगडी, गॅसच्या बाटल्या, हीट पंप आणि वर दोन हीटर. आणि पूर्वेच्या शेजाऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही हा नियम. जर्मनीच्या पूर्वेला पोलंड, तशी काकांच्या पूर्वेला दानुता राहते, तिचे आईवडील पोलंडचे. लाकडं रचायची तरी काका कुंपणाशी जाऊन परवानगी मागतात. ती म्हणते, "स्वीट ॲज, दामले," म्हणजे खुशाल कर. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

मी एकदा म्हटलं, "काका, जर्मनीनं आता दुसरीकडून गॅस आणलाय. संपला विषय."

"संपला कसा? खोड जाते का अशी?" काका म्हणाले, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे चहाला आले नाहीत.

या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, माझ्याकडे बार्बेक्यू होतं. संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन भाजत होतं, सगळे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडत होते. काका मात्र कोपऱ्यात मोबाइलवर जर्मनीच्या गॅसच्या टाक्या किती भरल्यात ते बघत होते. हे त्यांचं रोजचंच. "उतरल्यात," ते म्हणाले.

मी वैतागलो. "इथे घामाच्या धारा लागल्यात. तुम्हाला त्या टाक्यांचं काय पडलंय?"

"केतकीचं घर गॅसवर आहे."

केतकी त्यांची मुलगी, लाइपझिगला असते, एवढंच मला ठाऊक. काकू गेल्यापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"भांडलात का?"

"भांडायला आधी बोलावं लागतं. ती आईला फोन करायची, आई मला सांगायची. मी आपला मागून ओरडायचो, स्वेटर घाल म्हणावं तिला." काका मोबाइलकडे बघत राहिले. "एकच पाइप होता रे. आणि मी जर्मनीला अक्कल शिकवतोय."

"मग करा फोन."

"बापानं का म्हणून? तिला हात नाहीत?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दानुता शेजारीच कणसं भाजत होती. मी तिला इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. तिनं चिमटा खाली ठेवला. "दामले, लाकडांचं मला रोज विचारतोस. हेही विचार. मी सांगते, रिंग हर."

काका जागच्या जागी चुळबुळले. पण पूर्वेचा सल्ला मोडायचा कुठल्या तोंडानं? त्यांनी फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर. तिकडे नुकती सकाळ होत होती.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," काका दरडावल्यासारखे म्हणाले. "तुमच्या टाक्या उतरल्यात."

ती म्हणाली, "स्वेटर घातलाय, बाबा."

काकांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी धरला. पोलंड, बर्लिन सगळं बाजूला राहिलं.

"ठेवू नकोस," ते म्हणाले.