उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं

स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण प्रवासाचं सामान भरण्यात माझा हात धरणारी बाई अजून जन्माला यायची आहे! मी यादी करते. यादीत आकडे, आकड्यांपुढे चौकटी, आणि वस्तू गाडीत चढली की चौकटीत बरोबरची खूण. पंचवीस वर्षं ग्रंथालयात काढली, एक पुस्तक हरवू दिलं नाही. मग चार बायकांचं सामान ते काय!

यावेळची यादी त्रेचाळीस वस्तूंची होती. पहिला आकडा: तंबू. तळ्याकाठी मुक्काम करायचा, हे आम्ही चौघींनी वसतिगृहाच्या एका खोलीत राहत असताना ठरवलं होतं. मग लग्नं, मुलं, बदल्या, सासूबाईंची दुखणी, असं करत करत अठ्ठावीस वर्षं गेली. आता मात्र जायलाच हवं होतं, कारण रेडिओचा आवाज परत आला होता.

रेडिओ म्हणजे आमची मैत्रीण. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. ड्युटी संपली तरी घोषणा संपत नाहीत! वसतिगृहात ती झोपेतही बोलायची आणि जागी झाली की झोपेतलं वाक्य पुढे पूर्ण करायची. अशा बाईच्या नेमकी घशाचीच शस्त्रक्रिया करायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "जीवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही."

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी देवाला म्हटलं, "देवा, तिचा आवाज राहू दे. हवा तर माझ्यातला घे, मला तसाही फारसा लागत नाही." आणि नेम धरला. उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मौन, एकशे एक दिवस. कुणाला कारण सांगितलं नाही. नेमाची दवंडी पिटली की त्यातलं पुण्य गळतं, असं आई म्हणायची. घरच्यांना फरक पडला नाही. "तू आधी तरी कुठं बोलत होतीस?" असं हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

सहलीला निघायचा दिवस हा नेमका एकशे एकावा होता!

सहाला निघालो. गाडी आमच्यातल्या वकीलबाईच्या भावाची, सात माणसांची. मागची बाकं दुमडून तिथं सामान छतापर्यंत रचलेलं. चालवायला कप्तान. ती शाळेत खेळाची शिक्षिका, स्टिअरिंगही शिट्टी फुंकल्यासारखं वळवते. तिच्या शेजारी वकीलबाई, हातात रस्ता दाखवायला फोन आणि तोंडात हरकत. मधल्या बाकावर मी आणि रेडिओ. रेडिओ अखंड चालू. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती, बोलायला नाही. हा केवढा फरक आहे, ते तिनं आम्हाला तीस किलोमीटर समजावून सांगितलं. मी मान डोलवत होते. कानाला त्रास होत होता आणि डोळे भरून येत होते. काय सांगू, इतका गोड त्रास मी उभ्या आयुष्यात सोसला नव्हता!

साडेसातला एका पेट्रोल पंपावर थांबलो. चहा झाला, हातपाय मोकळे झाले. मी आधी गाडीत येऊन बसले आणि जपाला डोळे मिटले. माळ पूर्ण होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा माझा जुना नेम. दारं आपटल्याचं ऐकलं. कप्तान ओरडली, "बसल्या का सगळ्या?" कुणी नाही म्हटलं नाही. निघालो.

माळ संपली. डोळे उघडले. गाडीच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं.

गाडीत शांतता होती.

ग्रंथपालाला शांततेचं कौतुक असतं, पण रेडिओ असलेल्या गाडीत शांतता म्हणजे काहीतरी भलतंच! शेजारची जागा रिकामी. मागे वळून पाहिलं, तर गाद्या, गोधड्या आणि निळ्या तंबूचं गाठोडं. रेडिओ नाही! तिची पर्स माझ्या पायाशी. तिचा फोन पुढच्या सीटच्या खिशात. आणि ती तिकडे पंपावर, नव्या नाजूक घशाची, हाक मारायचीसुद्धा मनाई असलेली!

मी कप्तानच्या खांद्यावर थापट्या मारल्या आणि मागे बोट दाखवलं.

"काय गं कुजबुज, परत जायचंय? आत्ताच तर जाऊन आलीस!" कप्तान म्हणाली. कुजबुज म्हणजे मी, वसतिगृहापासूनची.

मी जोरजोरात मान हलवली. हाताची चोच करून उघडझाप केली. बडबड, बडबड. म्हणजे रेडिओ!

"भूक लागलीय तिला," वकीलबाईनं निकाल दिला आणि बिस्किटांचा पुडा मागे दिला.

मी रिकाम्या बाकावर हात आपटला. "बरं, सगळा पुडा ठेव," वकीलबाई म्हणाली.

शेवटी मी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. शस्त्रक्रियेची याहून स्पष्ट खूण कोणती असते?

"बघ!" कप्तान खूश झाली. "तुझा गळा दाबीन म्हणतेय! मघाशी चुकीचं वळण सांगितलंस ना?"

"ते वळण बरोबर होतं, तुझा वेग चुकीचा होता!"

दोघी जुंपल्या. मी मधे बसून हातवारे करत होते, जणू सिग्नल बिघडल्यावर चौकात उभी राहिलेली पोलीस!

लिहून का दाखवलं नाही, असं तुम्ही विचाराल. मौनात लिहून बोलणं म्हणजे उपवासाच्या दिवशी पोटभर जेवून ढेकर दाबणं. देवाला काय कळत नाही?

आठ बारा. नऊपर्यंत थांबले असते तर गाडी आणखी साठ किलोमीटर पुढे गेली असती. बोलले असते तर शंभर दिवस पाण्यात, आणि तेही शेवटच्या दिवशी. देवानं दिलेला आवाज परत मागितला तर? मी डोळे मिटून मनात म्हटलं, "देवा, तिच्या आवाजासाठी तिलाच रस्त्यात टाकू का रे?"

आणि ओरडले.

"थांबाऽऽ! रेडिओ पंपावर राहिलीऽऽ!"

पंचवीस वर्षं व्याजानं साठलेला आवाज होता तो! कप्तानला वाटलं टायर फुटला. तिनं करकचून ब्रेक मारला, मागचं सामान धबाधब कोसळलं, वकीलबाईच्या मांडीवर बिस्किटं सांडली. पुढच्या क्षणी गाडी उलटी वळली होती.

परतीच्या वाटेवर मी हुंदके देत सगळं सांगून टाकलं. नेम, जिना, एकशे एक दिवस. वकीलबाईनं सांडलेली बिस्किटं एकेक करून पुड्यात परत भरली. कप्तान नाक पुसत म्हणाली, "आणि आम्हाला वाटलं तुला जबर सर्दी होते सकाळची!"

पंपावर पोहोचलो तर रेडिओचा पत्ता नाही! शौचालय पाहिलं, चहाची टपरी पाहिली. पंपावरचे काका खुर्चीतून उठले. "कशा दिसतात बाई?"

"दिसण्याचं सोडा, खूप बोलते!"

"मग इथं नाहीत," काका ठामपणे म्हणाले. "गाडीत नीट बघितलंत का?"

"आम्ही काय वेड्या आहोत?" वकीलबाई कडाडली.

ओळख पटवायला रेडिओची शाल दाखवावी म्हणून कप्ताननं डिकी उघडली. तंबूचं गाठोडं बाहेर घरंगळलं. त्यामागून दोन गाद्या. त्यामागून एक पाय.

"आलं का तळं?" रेडिओनं जांभई दिली.

गाडी लागू नये म्हणून तिनं गोळी घेतली होती, आणि गुंगी आली म्हणून पंपावरूनच मागच्या दारानं गाद्यांत शिरली होती. "बसल्या का" ला उत्तर देणार कोण? एक मौनात, एक झोपेत!

आम्ही तिघी तिच्या गळ्यात पडलो. "घसा, घसा!" ती ओरडली. म्हणजे हळूच ओरडली. मग मी पंपावरच्या बाकावर बसले आणि मला रडू आवरेना. नेम मोडला होता आणि तोही उगाचच! कप्ताननं तिला सगळं सांगितलं. रेडिओ माझ्याशेजारी येऊन बसली.

"किती राहिली होती?" तिनं विचारलं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं."

"आवाज माझा ना? मग ती मी भरते. लाव घड्याळ!"

"तू? अठ्ठेचाळीस मिनिटं? अगं, झेपेल का तुला?" वकीलबाई हसत सुटली.

रेडिओनं ओठांवर बोट ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. आम्ही भराभर सामान कोंबलं आणि निघालो.

जरा पुढे गेल्यावर ती चुळबुळायला लागली. मागे बोट दाखवलं. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटांची टोकं जुळवली.

"नमस्कार करतेय गं!" मीही हात जोडले. "हो बाई, त्याचीच सारी कृपा!"

तिनं कपाळ बडवलं. पुन्हा हात जोडले, उतरतं छप्पर करून दाखवलं.

"घरची आठवण आली असेल," कप्तान म्हणाली.

"भूक लागलीय," वकीलबाई म्हणाली आणि उरलेली बिस्किटं मागे दिली.

रेडिओ लालबुंद झाली, दोन्ही हातांनी मांड्या बडवल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ हलले नाहीत. मी तिचा हात घट्ट धरून बसले. केवढी ही भक्ती! अठ्ठेचाळीस मिनिटं झाली आणि घड्याळ वाजलं.

"तंबू! तंबू पंपावर राहिलाय, मूर्खांनो! तळ्यात झोपायचंय का?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी शंभर दिवस बोलली नाहीस," ती म्हणाली. "मी एका तंबूसाठी तोंड उघडू?"

कप्ताननं निमूटपणे गाडी वळवली.

काकांनी तंबू खुर्चीशेजारी उभा करून ठेवला होता. दोरीत माझी यादी खोचलेली होती. गडबडीत मी तीही पंपावरच्या बाकावर विसरले होते! त्रेचाळीस ओळींखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "४४. माणसं – चार." पुढे चौकटसुद्धा आखली होती! मी गाडीत वळून चार डोकी मोजली, मगच खूण केली. माझं स्वतःचं डोकं मोजायचं राहिलं म्हणून आधी तीनच भरली होती, पण ते असो.

दिवेलागणीला तळं आलं. तंबू उभा राहिला. रेडिओनं पाण्यासमोर उभं राहून घोषणा केली: "अठ्ठावीस वर्षं उशिरानं धावणारी गाडी फलाटावर येत आहे!" आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी मनात कुणाचे तरी पाय धरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. एकशे एक दिवसांनी पहिल्यांदाच मला नऊच्या आधी बोलायची मुभा होती. पहिले शब्द आभाराचे असावेत म्हणून मी रात्रीच मनाशी जुळवून ठेवले होते. घसा साफ केला, तोंड उघडलं.

पण रेडिओ माझ्या आधी उठली होती.

नऊ वाजेपर्यंत मला एक शब्द बोलायला मिळाला नाही.