हो की नाही, तेवढंच सांगा

गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा होता आणि आमचे भावोजी डोळे मिटून, एक बोट वर धरून इंग्रजी शब्द शोधत होते. त्यांनी त्याला विचारलं होतं, "काल का आला नाहीस?" तो म्हणाला होता, "आलो होतो सार, घर बंद होतं. आणि काल आमची गाडीच नव्हती." या उत्तराला नेमका कोणता शब्द लावायचा, ते ठरेपर्यंत त्याला आत सोडायचं नव्हतं.

"इव्हेजिव... अं हं. इव्हेजिव म्हणजे चुकवाचुकवी. यानं चुकवलेलं नाही. यानं दोन उत्तरं दिली आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसली." मग डोळे उघडून मोठ्यानं, "कॉन्ट्रॅडिक्टरी!"

"हौदु सार, हौदु," असं कन्नडमध्ये हो-हो म्हणून गॅसवाल्यानं मान डोलवली आणि सिलिंडर ठेवून तो पळाला.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, एकोजीराव. घराण्यात कोणी राजाच्या घोडदळात होतं म्हणतात. भावोजी कोर्टात टायपिस्ट होते. साक्षीदार घामाघूम होऊन कन्नडमध्ये फिरवाफिरवी करणार, जज्जसाहेब ती इंग्रजीत दोन ओळींत सांगणार आणि भावोजी ती टाइप करणार. शेवटी साहेब कधी कधी एखादा शब्द जोडायचे, साक्षीदार कसा बोलला त्याचा. त्या एका शब्दानं माणूस तुरुंगात जायचा नाहीतर घरी, असं भावोजी सांगायचे. ते निवृत्त झाले आणि साक्षीदार मिळेनासे झाले. मग आम्ही सापडलो.

मी निपाणीकडची. चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. इंग्रजीचा आणि माझा संबंध भावोजींमुळेच आला. त्यांच्याजवळ अशा शब्दांची उतरंडच होती. प्रश्नाला बगल दिली की इव्हेजिव. दोन्हीकडून खरं ठरेल असं बोललं की अँबिग्युअस. काहीच कबूल न करता गोड बोललं की नॉन-कमिटल. हा शेवटचा सोयऱ्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे का?" मी घाबरून म्हटलं, "कमी नाही, पण पाहिजे तर घ्या." त्यांनी घास खाली ठेवला, डोळे मिटले, बोट वर केलं आणि म्हणाले, "इक्विव्होकल."

मला वाटलं शिवी दिली. मी आत जाऊन रडले. हे आत आले आणि हसत म्हणाले, "अगं, दादा सगळ्यांना देतो ते. तुला जरा चांगल्यातलं दिलंय." चांगल्यातलं असलं तरी ते माझ्याच अंगावर पडलं होतं, हे यांच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर त्या घरात मी कमीच बोलले. न बोलणाऱ्याला काय म्हणतात तेही भावोजींनी शोधून ठेवलं असणार.

मंडी मोहल्ल्यात त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे शिक्षा. एकदा वांग्यांच्या टोपलीपुढे उभे राहून त्यांनी भाजीवालीला विचारलं, "कोवळी आहेत का? हो की नाही, तेवढंच सांग."

"कोवळी नसती तर मी आणली असती का अण्णा?"

"मी तुला विचारतोय, तू मला काय विचारतेस?"

"घेऊन जा. जून निघाली तर उद्या परत आणा."

"म्हणजे जून निघू शकतात."

"ते शिजवणारीच्या हातावर आहे अण्णा."

"अँबिग्युअस!" भावोजी ओरडले. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भाजीवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, तुम्ही यांच्या घरात राहता? रोज?" मी रिकाम्या पिशवीची घडी घालून ती काखेत मारली. वांगी न घेताच परत आलो आणि संध्याकाळी भावोजींनीच विचारलं, "वांग्याची भाजी का नाही?"

त्यांचं लग्न झालं नाही. का झालं नाही ते सासूबाई सांगायच्या. मुलगी बघायला गेले होते. चहा झाला, पोहे झाले, सगळं जुळत आलं. भावोजींनी मुलीला सरळ विचारलं, "मी तुम्हाला पसंत आहे का?" आता भरल्या बैठकीत, बापासमोर, कुठली मुलगी हो म्हणेल? ती म्हणाली, "घरचे म्हणतील तसं." भावोजी तिथेच बोट वर करून बसले. ती माणसं वाट बघतायत आणि भावोजी शब्द शोधतायत. तो सापडल्यावर मोठ्यानं म्हणालेही. मुलीचा बाप इंग्रजी शाळेत मास्तर होता, त्याला कळलं. ती मुलगी, सासूबाई म्हणायच्या, पडद्याआड जाऊन रडली, कारण तिला भावोजी पसंत होते. भावोजींना हे कोणी तरी पुढे सांगितलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग तसं सांगायचं होतं."

हे सगळं यांच्या आजाराआधीचं.

हे हेब्बाळला एका कारखान्यात होते. एके दिवशी कंपनीच्या बसमधून अर्ध्या वाटेतच उतरून घरी आले, पोट धरून. मग अन्न जाईना. कपडे अंगावर लोंबायला लागले. मी रोज रात्री यांच्या सदऱ्याची गुंडी आत सरकवून शिवायची आणि काही विचारायची नाही.

तीन डॉक्टर करून झाले. पहिले म्हणाले, "तसं काळजीचं काही नाही. पण दुर्लक्ष नको." दुसरे म्हणाले, "बघू या. औषधाला काय उत्तर देतंय ते बघू." तिसरे म्हणाले, "आणखी एक तपासणी करून घेऊ." भावोजी प्रत्येकासमोर बोट वर करायचे. "नॉन-कमिटल." "इव्हेजिव." तिसऱ्यांना तर म्हणाले, "डॉक्टर, कोर्टात असतात तर तुमच्या साक्षीची किंमत शून्य झाली असती." डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. नेहमीची मी असते तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं असतं. पण त्या दिवशी मी भावोजींच्या मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, विचारा. आणखी विचारा. सोडू नका.

मला एकच गोष्ट हवी होती. हे जगतात की नाही. ती विचारायचं तोंड मला नव्हतं. भावोजींना होतं.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. हे घरीच होते, उठवत नव्हतं. कागद घेऊन आम्ही दोघंच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, उंच, चष्म्याच्या. त्यांनी कागद बघितले आणि "बघा, असं आहे की," म्हणून सुरुवात केली. भावोजींनी बोट वर केलं. "मॅडम, हो की नाही, तेवढंच सांगा."

बाईंनी चष्मा काढला आणि सांगितलं. सरळ सांगितलं. पण इंग्रजीत. भावोजींनी एक विचारलं, त्यांनी एक सांगितलं, परत एक विचारलं, परत एक. न चुकवता, न अडखळता, अगदी भावोजींना आवडावं तसं. मी दोघांच्या मधे खुर्चीत बसले होते. माझ्या नवऱ्याचं उत्तर माझ्या डोक्यावरून एका उंच माणसाकडून दुसऱ्या उंच माणसाकडे गेलं. एकदा बाईंनी माझ्याकडे बघून भावोजींना काहीतरी विचारलं. भावोजींनी मान हलवली. नाही अशी. नेमके काय शब्द होते ते मला आजवर कोणी सांगितलं नाही. आता गरजही नाही.

बाहेर लिफ्टपाशी मी विचारलं, "भावोजी, काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणजे आहे, पण तसं नाही."

"कसं?"

"गोळ्या बदलल्यात."

"चिठ्ठी कुठाय?"

"नंतर देणार आहेत. की दिलीय? खिशात असेल."

त्यांनी खिसे चाचपले. चिठ्ठी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "हे बरे होतील ना? हो की नाही, तेवढंच सांगा."

भावोजी लिफ्टच्या बंद दाराकडे बघत राहिले. "सुमित्रा," ते म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. चल, खाली इडली मिळते."

त्यांनी सरळ सांगितलं असतं तर कदाचित माझा विश्वास बसला नसता. इडलीवर बसला.

घरी आलो तर हे उशांना टेकून बसलेले. "दादा, काय म्हणाल्या?"

"बरं वाटेल म्हणाल्या," भावोजी म्हणाले. आवाज कोर्टातला होता, वरच्या पट्टीतला. "दसऱ्यानंतर बेट्टदपुरला जाऊ. देवाच्या डोंगरावर. तू लहानपणी हट्ट करायचास ना?"

"चढता येईल मला?"

"न यायला काय झालं? श्रावणातच चढू."

"आत्ता दसऱ्यानंतर म्हणालास."

मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. यांनी भावाकडे बघितलं, बराच वेळ. भाऊ कसा बोलतो हे यांना लहानपणापासून पाठ होतं. मग माझ्याकडे बघितलं. मी तांब्यात बघितलं.

"बरं," हे म्हणाले. "मग बसनं जायचं की गाडी करायची?"

"बसनं," भावोजी लगेच म्हणाले. "पेरियापट्टणपर्यंत एक बस, पुढे दुसरी."

"वर खायला काय न्यायचं?"

"पुळिओगरे. चिंचेचा भात टिकतो."

"मला चित्रान्न पाहिजे."

"बरं, चित्रान्न. सुमित्रा करेल."

हे एकेक विचारत राहिले. मधेच थांबून श्वास घ्यायचे आणि पुढचं विचारायचे. पाणी किती न्यायचं, चपला कुठल्या घालायच्या, वर देऊळ किती वाजता बंद होतं. ज्याचं उत्तर भावोजींना देता येईल तेवढंच. भावोजी पलंगाच्या कडेवर बसून, एखाद्या साध्या साक्षीदारासारखे, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होते.

"वर वारा फार असतो का रे दादा?"

"असतो. तुझी लोकरीची टोपी घेऊ बरोबर," भावोजी म्हणाले आणि ती शोधायला उठले.

टोपी यांच्या उशाशीच होती. भावोजी ती शोधायला बाहेर अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.